मुशीत जे उरतं ते

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा लॉकर पाच-सहा दिवस पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर बँकेनं एकेकाला नंबरानं आत बोलावलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, आत गटाराचा वास. किल्ली फिरेना. शिपायानं खोबरेल तेल सोडलं तेव्हा कुठं दार उघडलं.

पावत्यांचा लगदा झाला होता. चांदी जागच्या जागी होती, पण कोळशासारखी काळी. सासूबाईंचं ताम्हण, पाच निरांजनं, एक करंडा आणि माझी स्वतःची एक किलोची वीट. वीट मी वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोन रबरबँड लावले होते. रबराच्या जागी दोन पट्टे उठले होते, बाकीच्या काळेपणाहून गडद, बोट फिरवलं तर खरखरीत लागणारे. ते पुराचे नव्हते. रबरातल्या गंधकानं ते कित्येक वर्षं आधीपासून हळूहळू धरले होते, मी बघितलं नव्हतं एवढंच.

हे आज लिहायचं कारण माझा भाचा. पुण्यात नोकरी करतो, त्याला दोन किलो चांदी घ्यायची आहे. फोनवर विचारत होता, "आत्या, नाणी घेऊ का वीट घेऊ, आणि ठेवू कुठं?" त्याला तासभर सांगितलं तरी निम्मंच सांगून झालं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आम्ही गलाईवाले. मूळ गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. पाऊस नाही, शेत पिकत नाही, म्हणून आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली. केरळापासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या बोळात शिरा, मराठी बोलणारं एखादं गलाईचं दुकान भेटतंच. माझे वडील, आबा, तमिळनाडूत सेलमला गेले. तिथं पैंजणांचा मोठा धंदा. पैंजणाला तिथं कोलुसू म्हणतात आणि चांदीला वेळ्ळी. शुक्रवारही वेळ्ळीच, त्यामुळं लहानपणी मला वाटायचं शुक्रवार हा चांदीचाच वार आहे.

आबांचं काम मी दारात बसून बघितलेलं आहे. मोडीत आलेली चांदी आधी मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, वितळायची. सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली की मळ वर यायचा. शुद्ध करायची असेल तर तिचे बारीक दाणे करून शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, टाकायचे. तांबूस धूर उठायचा, तेवढ्यापुरतं आम्हा मुलांना बाहेर हाकलायचे. चांदी तेजाबात विरघळून दिसेनाशी व्हायची. मग आबा त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायचे. थोड्या वेळानं पट्टीवर राखेसारखं करडं काहीतरी धरायला लागायचं, झडून तळाशी बसायचं, आणि पाणी निळं होत जायचं. ती करडी राख म्हणजे चांदी. धुऊन, वाळवून परत मुशीत घातली की तिची पांढरीशुभ्र लगड. दुकानातली केराची मातीसुद्धा फेकायची नाही, ती झारेकऱ्याला, म्हणजे माती धुऊन सोनं-चांदी काढणाऱ्याला, विकायची. तिच्यातही चांदी असायची.

त्या मुशीत मोराची नक्षी उरत नाही, घुंगरू उरत नाहीत, दुकानाचं नाव उरत नाही. वजन गुणिले टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती, एवढंच उरतं. आबा म्हणायचे, "पोरी, चांदी बघू नगंस, तिच्यातली चांदी बघ." गुंतवणूक म्हणून घ्यायची तर ती उद्या मुशीत जाणार हे धरूनच घ्यायची.

माझ्या वहिनीचे पैंजण २४० ग्रॅमचे होते. दुकानदारानं 'चांदीचे' म्हणून विकले, पावतीवर शुद्धतेचा आकडा नाही. मोडायला नेले तर टंच निघाला ६२. म्हणजे २४० ग्रॅममध्ये शुद्ध चांदी १४९ ग्रॅमसुद्धा नाही, बाकी तांबं आणि सांधे जोडायची झाळ. घेताना तिनं शुद्ध चांदीच्या भावानं पैसे मोजलेले, वर घडणावळ वेगळी. त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता. पैंजण घालायला घ्या, हौसेनं घ्या, लेकीला घ्या. पण त्याला बचत म्हणू नका. पूजेचं भांडं, फ्रेम, मूर्ती, सगळ्याचं तसंच. घडणावळ परत मिळत नाही.

बचतीसाठी साधी वीट किंवा साधं नाणं. त्यावर ९९९ चा, म्हणजे ९९.९ टक्के शुद्धतेचा शिक्का, वजन, बनवणाऱ्याचा छाप आणि शक्यतो अनुक्रमांक असावा, आणि तोच अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून सोन्यासारखाच सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक, चांदीलाही मिळायला लागला आहे. हॉलमार्क देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की वस्तू कुणी आणि किती शुद्धतेची नोंदवली ते दिसतं. मी आता त्याशिवाय दागिनाही घेत नाही. आणि कुणी 'जर्मन सिल्व्हर' म्हणून काही दाखवलं तर लक्षात ठेवा, त्यात चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल.

पन्नास किंवा शंभर ग्रॅमच्या नाण्यांवर ग्रॅममागे जास्त पैसे पडतात, किलोच्या विटेवर कमी. पण किलोची वीट थोडी विकता येत नाही. मी भाच्याला सांगितलं, एक किलोची एक घे आणि उरलेलं शंभर-शंभर ग्रॅममध्ये घे. अडचण आली तर मोठ्याला हात लागायला नको.

जुने बंदे रुपये कुणाकडं असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. राणी छाप आणि १९३९ पर्यंतचे राजा छाप रुपये ११.६६ ग्रॅमचे, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. दिसायला सारखेच, म्हणून साल बघितल्याशिवाय ते मोडीला देऊ नयेत. काही सालांचे रुपये तर संग्राहक चांदीपेक्षा कितीतरी जास्त देऊन घेतात.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आबांनी शिकवली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. शंभर ग्रॅमचं नाणं शुद्ध असेल तर काटा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तांब्याचं असेल तर अकराच्या वर, पितळेचं असेल तर त्याहून जास्त. शंभराच्या ठिकाणी ९२ टंच ओळखायला ही परीक्षा उपयोगी नाही, तेवढा बारीक फरक घरच्या काट्यावर कळत नाही. पण चांदीचा मुलामा दिलेलं पितळ पाच मिनिटांत उघडं पडतं. मी ही सासूबाईंच्या करंड्यावर केली. त्यांना सांगितलं नाही. करंडा चांगला निघाला.

भावाबद्दल मी काही भाकीत करणार नाही, घडलेलं सांगते. माझी ती वीट मी २०११ च्या एप्रिलअखेर घेतली. किलोचा भाव सत्तर हजारांच्या वर गेला होता, बाजारात सगळे म्हणत होते लाखावर जाणार. दोन-तीन आठवड्यांत भाव कोसळला. २०१५ च्या शेवटी तो माझ्या खरेदीच्या निम्म्याच्याही खाली होता. २०११ चा उच्चांक मोडायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांत मुलाची इंजिनिअरिंगची फी आली, यांचं ऑपरेशन आलं, पण वीट विकली असती तर निम्मे पैसे बुडाले असते. ती राहिली, कारण आमच्याकडं थोड्या ठेवीही होत्या. नंतर २०२५ च्या दिवाळीत भाव दीड लाखाच्या वर गेला आणि नाण्यांसाठी दुकानांत रांगा लागल्या, तेव्हा मला २०११ चाच तो आठवडा आठवला. ज्या दिवशी सगळे दुकानात असतात त्या दिवशी मी आता जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं घेते.

घेताना तीन टक्के जीएसटी जातो तो गेलाच, आणि विकताना दुकानदाराचा घ्यायचा भाव द्यायच्या भावापेक्षा कमी असतो. म्हणजे भाव चार-सहा टक्के वाढला तरी हातात नफा नसतो. सहा महिन्यांसाठी चांदीची वीट घेणं म्हणूनच मला पटत नाही. चोवीस महिन्यांच्या वर ठेवली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकली तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. खरेदीची पावती नसेल तर नफा किती हेच दाखवता येत नाही. माझ्या पावतीचा लगदा झाल्यावर मला हे कळलं. नशिबानं दुकानदारानं जुन्या बिलबुकातून नक्कल काढून दिली. आता प्रत्येक पावतीचा फोटो माझ्या आणि मुलाच्या, दोघांच्या फोनमध्ये आहे. रोख्यांसारखी चांदी हवी असेल तर २०२२ पासून ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे चांदीचे फंड, आहेत, त्यांत घरात काहीच ठेवावं लागत नाही.

आता ठेवण्याचं. दहा किलो चांदी एक लिटरच्या बाटलीत मावते, त्यामुळं जागेची फार चिंता नसते, वजनाची असते. लॉकरच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा किलो ठेवून तो डबा ओढून बघा म्हणजे कळेल. वर्तमानपत्र नको, रबरबँड नको, लोकरीचं कापड नको. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी, हवा दाबून काढलेली. फळ्यावरच्या खडूचा तुकडाही ओल धरतो. कंपनीच्या सीलबंद वेष्टनातलं नाणं असेल तर ते फोडूच नका.

आणि वीट काळी पडली म्हणून घासू नका. काळा थर अगदी पातळ असतो, विकताना त्यानं काही बिघडत नाही. घासताना मात्र चांदीच जाते. माझी वीट मी नुसती धुऊन पुसली, ते दोन पट्टे अजून तिच्यावर आहेत. ताम्हण पूजेचं, ते उजळायलाच हवं होतं. पातेल्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर ताम्हण, खाण्याचा सोडा, मीठ आणि वरून उकळतं पाणी. नासक्या अंड्याचा वास सुटला आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत तो काळेपणा उतरत गेला, तळाशी कोरलेली त्यांच्या माहेरची अक्षरं पुन्हा दिसायला लागली. त्या पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या. ह्या रीतीत चांदी घासली जात नाही, गंधक सुटून अ‍ॅल्युमिनियमकडं जातं.

लॉकरबद्दल एक गैरसमज फार आहे. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं आणि त्याचा विमा बँक काढत नाही. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. पूर, भूकंप, वीज यांत तीही नाही. म्हणून नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी लॉकर घेताना आधी तो कुठल्या मजल्यावर आहे ते विचारावं. आम्ही तळमजल्यावरचा सोडला आणि चढावर, पहिल्या मजल्यावर घेतला. रिक्षाचे साठ रुपये जास्त जातात, जाऊ देत.

अडीनडीला तारण ठेवायचा विचार असेल तर तेही आधी माहीत असावं. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत चांदीच्या दागिन्यांवर आणि नाण्यांवर कर्ज मिळतं, दागिने दहा किलोपर्यंत, नाणी पाचशे ग्रॅमपर्यंत. विटेवर मिळत नाही. भाच्याला शंभर-शंभर ग्रॅमची नाणी घे म्हणण्यामागं हेही एक कारण होतं.

शेवटची गोष्ट लिहायला जड जाते. आबा गेले तेव्हा त्यांची तीन किलो चांदी सेलममधल्या एका ओळखीच्या माणसाकडं ठेवलेली होती. गाववाला माणूस, वीस वर्षांचा घरोबा, चिठ्ठी ना चपाटी. धंद्यात तसंच चालायचं, शब्दावर. दिवसकार्य झाल्यावर भाऊ विचारायला गेला तर त्यानं सव्वा किलो आणून दिली आणि म्हणाला, "आबांनी मधी उचलली हुती." उचलली असेलही. आम्हाला कधीच कळणार नाही, आणि आईला चांदीपेक्षा तेच जास्त लागलं. म्हणून दुकानदार जेव्हा हसून म्हणतो, "आमच्याकडंच ठेवा की मॅडम, कधीही घेऊन जा," तेव्हा मी वीट उचलून पिशवीत टाकते.

लॉकर माझ्या आणि यांच्या नावावर आहे, दोघांपैकी कुणीही उघडू शकेल असा, आणि मुलाचं नामांकन केलेलं आहे. घरात एक वही आहे. तिच्यात वस्तू, वजन, शुद्धता, अनुक्रमांक, तारीख आणि दिलेले पैसे लिहिलेत. ती वही कुठं आहे हे तिघांना माहीत आहे, चौथ्याला नाही. चांदीचे फोटो स्टेटसला टाकू नकोस, हे मी भाच्याला दोनदा बजावलं.

काल रात्री त्याचा परत फोन आला. सांगितल्याप्रमाणे ऑर्डर दिली, अनुक्रमांक पावतीवर लिहून देणार म्हणालेत. पुढच्या शुक्रवारी माल हातात येईल. म्हणाला, "आत्या, तू ये की तेवढ्यासाठी, काटा घेऊन."

सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय.