केमोआधी कळलं नसतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: “मॅडम, तुम्ही बायॉलॉजी शिकवता. एवढ्या जीन टेस्ट निघाल्यात. केमोनंतर मूल होणं अवघड जाईल हे आधी कळलं नसतं का?” कोथरूडला भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बारावीचे पेपर तपासताना चहाच्या सुट्टीत मला हे विचारून झालंय.

नक्की सांगणारी टेस्ट आज नाही. पण तेवढ्यावर थांबले तर मी शिक्षिका कसली!

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत 10 ते 20 लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. या खात्यात भरणा नाही, फक्त खर्च. स्तनाच्या कॅन्सरला देतात त्या औषधांतलं सायक्लोफॉस्फामाइड थेट या ठेवीवरच हात मारतं. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण वर्गातली सवय), की सलाइनमधून जाताना हे औषध निष्क्रिय असतं. त्याला जागं करतं यकृत, आणि ते काम करणारी एन्झाइम्स बनवणारे जीन सगळ्यांचे सारखे नसतात. म्हणजे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून तोच डोस घेणाऱ्या दोघींच्या शरीरात दोन वेगळे हिशेब.

शिवाय अशा औषधांनी बीजांतला तुटलेला डीएनए सांधणारे जीन आहेत. 2021 साली सुमारे 2 लाख स्त्रियांच्या अभ्यासातून, पाळी कोणत्या वयात जाते याच्याशी जोडलेल्या डीएनएवरच्या 290 जागा सापडल्या. त्यांतल्या पुष्कळ या सांधणाऱ्या जीनच्याच आसपास. पण त्या बायका युरोपीय वंशाच्या. आमच्या सदाशिव पेठेच्या रक्ताला ते गणित तसंच्या तसं कसं लावायचं? आणि त्यातला प्रत्येक जीन काटा जरासाच हलवतो.

मला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी 31 वर्षांची, लग्न न झालेली. डॉक्टर सगळं बाबांशी बोलत होते. मी शेजारी फाइल धरून. मुलाबाळांचा विषय निघालाच नाही. लग्न नाही म्हणजे प्रश्न नाही, असं त्या खोलीत सगळ्यांनीच धरलं होतं. मीसुद्धा. आई म्हणत होती, “आधी जीव, मग बाकीचं.” तिचं काय चुकलं?

रक्त मात्र गेलं होतं, बीआरसीए तपासायला, म्हणजे ज्यांत दोष असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो ते जीन. रिपोर्ट आला तेव्हा पहिली केमो होऊन गेली होती. बीआरसीए-1 मध्ये दोष. हाही सांधणाऱ्यांतलाच जीन. तो बिघडलेल्या काही स्त्रियांत बीजांचा साठा मुळातच कमी असतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण केमोनंतर माझ्याकडे किती बीजं उरतील, हे तो कागद सांगत नव्हता. ते जरा जवळून सांगतं वय, आणि एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची साधी तपासणी. ती कुणी लिहूनच दिली नाही. वर्षभराने केली. आकडा दशांश चिन्हाच्या उजवीकडेच होता, म्हणजे एकाच्याही खाली, साठा फारच थोडा. मधल्या काळात पाळी परत आली म्हणून आम्ही घरी पेढे आणले होते. पाळी आली म्हणजे साठा शाबूत, असं नसतं, हेही तेव्हाच शिकले.

नंतर वंध्यत्वाच्या ज्या डॉक्टरांकडे गेले त्या बाई वयाने मोठ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, “पहिल्या केमोआधी आली असतीस तर दोन आठवडे पुरले असते. एग फ्रीझिंगसाठी, म्हणजे बीजं काढून गोठवून ठेवायला, आता पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागत नाही, कधीही सुरू करता येतं.” बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढू नये म्हणून जोडीला लेट्रोझोल नावाची गोळी देतात, हे त्यांनी माझ्या फाइलच्या मागे लिहून दाखवलं. फाइल अजून कपाटात आहे.

म्हणून जीन टेस्टचा मला राग नाही. ती पुढे शहाणी होईलही. मला चुटपुट लागते ती त्या दोन आठवड्यांची. आणि खर्चाचीही, कारण लाख-दीड लाख रुपये ऐन आजारपणात काढणं सगळ्यांना झेपत नाही, हे मी बाबांची एफडी मोडताना पाहिलंय.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या मावशीचा फोन आला. वय 29. तिनेही जीन टेस्टपासूनच सुरुवात केली. मी म्हटलं, “ते नंतर बोलू. पहिली केमो कधी आहे?”

“सोमवारी.”

तो गुरुवार होता. संध्याकाळचे साडेपाच. मी त्या बाईंचा नंबर शोधायला लागले.