तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोजच्या पार्टिशनवरची गाणी लिनक्समध्ये का वाजत नाहीत?

“उबुंटू टाकलं, शेजारी विंडोजही ठेवलंय. डी ड्राइव्हवरची गाणी दिसतात, पण प्लेअर म्हणतो फाइल उघडता येत नाही. कोडेक टाकू का?” हे मला वरचेवर विचारलं जातं.

थांबा. आधी एक फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून वाजवून बघा. तिथेही वाजली नाही तर कोडेक (गाण्याची फाइल उलगडून वाजवणारं सॉफ्टवेअर) बघा. वाजली तर दुखणं दुसरीकडे आहे.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या अशाच एका एनटीएफएस पार्टिशनवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली ठेवणाऱ्या डिस्कच्या भागावर होत्या. एका रात्री एकही वाजेना. फाइली गेल्या असं वाटून माझे हातपाय गार पडले. होममध्ये कॉपी केलेली ओवी मात्र स्वच्छ ऐकू आली, तेव्हा जीवात जीव आला. प्लेअर स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या अ‍ॅप टाकायच्या पद्धतीतून आलेला होता. स्नॅपची अ‍ॅप्स कुंपणात चालतात. बाहेरच्या पार्टिशनसाठी ‘रिमूव्हेबल मीडिया’ नावाची परवानगी लागते, आणि ती प्रत्येक अ‍ॅपला आपोआप मिळतेच असं नाही. मी ती दिली, तरी वाजेना! ही परवानगी ‘मीडिया’, ‘रन’मधलं ‘मीडिया’ आणि ‘एमएनटी’ एवढ्याच फोल्डरांपुरती असते. मी पार्टिशन थेट रूटखाली (सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी) ‘डेटा’ नावाने जोडलं होतं. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं हे लिहिलेल्या फाइलीत) ती जागा बदलून ‘एमएनटी’खाली आणली, आणि आजीचा आवाज आला. फ्लॅटपॅकचा (स्नॅपसारख्याच दुसऱ्या पद्धतीचा) प्लेअर असेल तर अशीच परवानगी फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमधून देता येते.

कधी पार्टिशनच उघडत नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असलं की ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपी जातं. अशा वेळी लिनक्स ते पार्टिशन एकतर फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा सरळ नकार देतं. तो नकार तुमच्या फाइली वाचवण्यासाठीच असतो. म्हणून ‘फोर्स’ लावून माउंट करू नका, म्हणजे पार्टिशन जबरदस्तीने जोडू नका. हायबरनेशनची फाइल उडवण्याचा पर्यायही टाळा, तिच्यासोबत विंडोजने जपून ठेवलेलं सत्र जातं. त्यापेक्षा विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ निवडा, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. मग बूट मेनूतून लिनक्समध्ये या. एकाच यंत्रावर दोन्ही वापरणार असाल तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.