संक्रांतीच्या दोन दिवस आधी

हलव्याच्या दागिन्यांचं काम मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. गिरगावातल्या आमच्या चाळीत निम्मा डिसेंबर सरला की परात खाली निघते आणि रथसप्तमी झाली की परत माळ्यावर जाते.

त्या वर्षी १२ जानेवारीला आभाळ भरून आलं. परातीत दागिन्यांचा हलवा होता, साबुदाण्यावर चढवलेला, पाचव्या दिवसाचा. सुरुवातीला दाण्यावर नुसता साखरेचा लेप बसतो, काटा धरतो तो नंतर. पाक वाळताना साखरेचे बारीक खडे उभे राहतात, तोच काटा. त्याला गार, कोरडी हवा लागते. मुंबईत ती पहाटेच काय ती मिळते, म्हणून आम्ही चारला उठतो. मंद आचेवर चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी दाणे फिरवत राहायचं, ते सुटे होऊन खळखळ वाजले की मगच पुढचा चमचा. चटके बसतात, पण हात थांबला की दाणे चिकटलेच.

त्या दिवशी पाक वाळेना. मी घाई केली. दाणे वाजायच्या आत दुसरा चमचा सोडला, मग तिसरा. पाच दिवसांचा काटा डोळ्यांदेखत विरघळला आणि परातीत ओल्या खिचडीसारखा गोळा झाला. सासूबाई आल्या, एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि शेगडी बंद केली. बोलल्या काहीच नाहीत.

परळच्या एका काकूंची ऑर्डर होती. सुनेचा पहिला संक्रांतसण, काळी साडी, मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने. दादरहून तयार हलवा आणून गुंफला असता तर त्यांना कळलंही नसतं. माझं मन होईना. फोन केला.

"काकू, हलवा बिघडला. चूक माझीच. घरात आहे त्यात मंगळसूत्र, नथ आणि कानातलं होईल. बाकीचे पैसे परत करते."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "पैसे राहू देत गं. संक्रांतीला तेवढंच घालेल ती. हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. तू सावकाश कर."

रात्री मंगळसूत्राला बसले. हलव्यात सुई घालता येत नाही, दाणा फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ आवळायची. जरा जास्त ओढलं की काटा झडतो, सैल सोडलं की दाणा निसटतो. मध्यरात्र उलटून गेली.

१५ तारखेला आभाळ निवळलं. नवा साबुदाणा परातीत पडला. पाकाचा चमचा सासूबाईंकडे, हात माझा. त्या दाणे वाजेपर्यंत चमचा उचलतच नव्हत्या. चौथ्या पहाटे त्यांनी परातीतला मूठभर हलवा माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली.

टोचला.