चार डोळ्यांचा

दुपारच्या जेवणानंतर मी आडवा होतो, पण झोपत नाही. बायको याला झोपच म्हणते, पण तो आमच्यातला जुना वाद आहे. पोटावर मोबाइल असतो. सोसायटीच्या ग्रुपवर त्या वेळी फारसं काही चाललेलं नसतं. टँकर आला का, बी-विंगच्या जिन्यात कुणाची चप्पल राहिली आहे, देवगड हापूस थेट बागेतून. परवा या सगळ्याच्या मधे एक कुत्रा येऊन बसला.

म्हणजे त्याचा फोटो. काळाभोर, शेपूट चकलीसारखं वळलेलं, एका कानाचा शेंडा कापलेला. आणि दोन्ही डोळ्यांच्या वर, भुवया असतात तिथे, बोटाने टिळा लावावा तसा एकेक तांबूस ठिपका. खाली लिहिलं होतं: 'दत्तक द्यायचा आहे. नाव भडंग. वय अंदाजे 4 वर्षे. इंडी. नसबंदी व लसीकरण पूर्ण. स्वभाव लाजाळू. फटाक्यांना घाबरतो. 2 वर्षांपासून शेल्टरमध्ये आहे. कुणी घर देईल का?'

दत्तक हा शब्द मी शाळेत पहिल्यांदा इतिहासाच्या पुस्तकात वाचला. दत्तक वारस नामंजूर, सातारा खालसा, 1848. तेव्हापासून दत्तक म्हटलं की पुढे काहीतरी नामंजूर होणार असं मला उगाचच वाटत राहतं.

नावाची मात्र उत्सुकता आवरेना, म्हणून फोन केला. पलीकडे एक चुणचुणीत मुलगी होती. "अहो काका, आणला त्या दिवशीच त्याने आमच्या एका ताईच्या सॅकमधून जयसिंगपूरचं भडंग काढलं आणि पुडी फोडून सगळं संपवलं. लसूणसुद्धा ठेवला नाही. मग दोन दिवस त्याचं पोट बिघडलं होतं." हे तिने असं सांगितलं की जणू मुलगा बोर्डात आला आहे.

आमच्या लहानपणी कुत्र्यांची नावं ठरलेली असत. मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा. ज्या घरात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं असे तिथे टॉमी. आमच्या आळीत तीन टॉमी होते आणि एकाला हाक मारली की तिघेही येत. खाण्याच्या पदार्थाचं नाव कुत्र्याला ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मुळात कुत्र्याला जे मिळे ते शिळं असे, त्यामुळे नाव 'शिळी भाकरी' असंच ठेवावं लागलं असतं.

आणि हे 'इंडी'. आम्ही गावठी म्हणायचो. मधे काही वर्षं सभ्य लोक 'देशी' म्हणत, आता इंडी. शब्दाची बढती होत गेली तरी गिऱ्हाईक तेवढंच. गावठी कोथिंबीर, गावठी अंडी, गावठी गायीचं तूप यांना लोक दुप्पट पैसे मोजतात, आणि गावठी कुत्रं फुकट असून दोन वर्षं पिंजऱ्यात बसून राहतं. आमच्याच सोसायटीत एक हस्की आहे. बर्फावर गाडी ओढायला जन्मलेला जीव, एप्रिलमध्ये एसीखाली जीभ काढून पडलेला असतो. तो लिफ्टमध्ये भेटला की मला त्याची माफी मागावीशी वाटते.

कापलेल्या कानाबद्दलही तिनेच सांगितलं. नसबंदीच्या वेळी भूल असतानाच शेंडा कापतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून टेबलावर घेतलं जात नाही. एका अर्थी पावतीच. 2001 साली नियम आले तेव्हापासून पद्धत अशी की कुत्रं उचलायचं, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. त्याआधी उचलायचेच. सोडायचं हा भाग नव्हता.

"मग भडंगला का नाही सोडलं?"

"मागच्या पायाला फ्रॅक्चर होतं काका. बरा झाला तोपर्यंत त्याच्या जागेवर पुलाचं काम सुरू झालं. आता जागाच नाही त्याला."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला, तोवर तिने फॉर्म पाठवलेला होता.

फॉर्म चौतीस प्रश्नांचा. मी गृहकर्ज घेतलं तेव्हा बँकेने एवढं विचारलं नव्हतं. घर स्वतःचं की भाड्याचं? कितवा मजला? बाल्कनीला जाळी आहे का? कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील? परगावी गेल्यास कोण सांभाळेल? त्याने सोफा फाडल्यास आपण काय कराल? शिवाय फॉर्म मंजूर झाला की दोन जण घर बघायला येणार. म्हणजे आम्ही कांदेपोहे करायचे, आणि ते बाल्कनी बघून 'कळवतो' म्हणून जाणार. भडंग अजून आयुष्याची आठ-दहा वर्षं सहज काढेल असंही त्यात नम्रपणे लिहिलं होतं. मी माझी वर्षं त्यात बसवून पाहिली. बसतात, जरा ओढून घेतली तर.

'घरातील सर्वांची संमती आहे का?' या प्रश्नावर मी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं.

"आधी तुळशीला पाणी घालायचं लक्षात ठेवा," आतून आवाज आला. मी अजून काही विचारलंही नव्हतं. ग्रुपवर ती पण आहे.

अकराव्या रकान्यापर्यंत मी बरा आलो. अकरावा असा: 'याआधी आपल्या घरी कुत्रा होता का? असल्यास त्याचे काय झाले?' पुढे लाल चांदणी, म्हणजे उत्तर द्यावंच लागणार.

आता याला काय लिहायचं? आमच्याकडे कुत्रं पाळलेलं नव्हतं. कुत्रं होतं.

कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, दगडी जोत्याचं घर, पुढे ओसरी. आजी चुलीपुढे बसली की भाकऱ्यांचा ढीग आमच्यासाठी, आणि सगळ्यात शेवटी परातीच्या कडेचं पीठ खरवडून, हाताला लागलेलंही झटकून, एक चानकी थापायची. तळहाताएवढी. ती काळ्याची. चानकी तव्यावरून उतरली की पाचव्या मिनिटाला तो ओसरीवर हजर. आजी बाहेर येऊन पहिल्यांदा ओरडायची, "आलास का मेल्या? हाड!" आणि मग चानकी ठेवायची. रोज याच क्रमाने. मला कितीतरी वर्षं हाड म्हणजे 'जेवायला ये' असंच वाटत होतं, आणि बहुधा काळ्यालाही.

त्याला कुणी अंगाखांद्यावर घेत नसे. त्याला आंघोळ माहीत नव्हती, डॉक्टर माहीत नव्हता. ओसरीच्या तिसऱ्या फरशीपर्यंत यायची त्याला परवानगी होती. तिसऱ्या आणि चौथ्या फरशीमधल्या सांध्यावर तो पुढचे दोन पाय अगदी जुळवून ठेवायचा, कवायतीला उभा राहिल्यासारखा, आणि नाक मात्र चौथ्या फरशीवर. नाकाबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

त्याच्याही डोळ्यांवर असेच दोन ठिपके होते. आजी म्हणायची, याचे खालचे डोळे मिटले तरी वरचे उघडे असतात, म्हणून आपल्याकडे चोर येत नाही. चोर न येण्याचं खरं कारण घरात काही नव्हतं हे होतं, पण श्रेय काळ्याला मिळे.

पुढे नोकरीत एक पारशी सहकारी भेटले, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्यासमोर कुत्रं आणतात, कुत्र्याने त्याच्याकडे पाहावं लागतं. सगदीद म्हणतात त्याला. आणि त्यासाठी उत्तम कुत्रं कुठलं, तर चार डोळ्यांचं, म्हणजे हेच, ठिपकेवालं. नंतर कुणीतरी सांगितलं की ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रेही 'चतुरक्ष' आहेत. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक असण्याचा संभव नाही. तिचा संबंध चानकीपुरता.

त्याच गृहस्थांनी मला मुंबईची कुत्र्यांची दंगल सांगितली. 1832 सालची, जून महिन्यातली. सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढलेली, एका कुत्र्यामागे आठ आणे. आठ आण्यांसाठी मारणारे मग भटकं कोण आणि घरचं कोण हे कशाला बघतात? त्यात पारश्यांच्या सणाचा दिवस आला. लोक चिडले, दगड घेतले, बाजार बंद पाडला, कुलाब्याच्या लष्करी छावणीचं अन्नपाणी अडवलं. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय वगैरे शेठ मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला, त्याच्या मुळाशी ही कुत्री आहेत. आता लोक तिथे गायींना चारा घालायला जातात. "साला, आमच्या लोकांनी कुत्र्यासाठी गोऱ्या साहेबाला दगड मारला," ते म्हणायचे, "आनि आज मी बॉसला सुट्टी मागायला घाबरतो!" आणि डबा उघडायचे. डब्यातली अर्धी पोळी खालच्या कुत्र्याची, हे ठरलेलं.

मी त्यांना ही दंगल पुन्हा पुन्हा सांगायला लावत असे. माझी गोष्ट मात्र मी त्यांना तिसऱ्या फरशीपर्यंतच सांगितली होती.

मी पाचवीत होतो. आजी पंढरपूरला गेलेली. गावात कुत्र्यांची गाडी फिरते आहे असं दोन दिवस ऐकू येत होतं. ज्याचं कुत्रं असेल त्याने त्याच्या गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला बांधायचा, पितळेचा, नंबरवाला, पाच रुपयांना मिळणारा. वडिलांना मी आदल्या रात्री विचारलं होतं. ते म्हणाले, "ते काय आपलं आहे का? आपलं म्हटलं की बिल्ला आला, बिल्ला आला की दरवर्षी रांग आली." आणि दिवा घालवला.

गाडी दुपारी आली. मागे जाळी होती. एक माणूस उतरला, हातात लांब दांड्याचा लोखंडी चिमटा, पण तो त्याने पाठीमागे धरलेला. दुसऱ्या हातात बोंबलाचा तुकडा. "यू यू यू," तो म्हणाला, आम्ही म्हणायचो अगदी त्याच सुरात. काळ्या उठला, आळस दिला, आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला घरात बोंबील खायची सवय नव्हती, त्यामुळे घोटाळा झाला असावा.

तो माणूस वाईट नव्हता. त्याने मला नीट विचारलं, "बाळ, कुनाचं हाय का हे?"

मी मान हलवली. नाही अशी.

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा समोरच्या काकू वाळवण उलटत होत्या, त्या उलटतच राहिल्या. आळीत बाकी सगळं होतं तसं होतं.

आजी चार दिवसांनी आली. तिने काहीही विचारलं नाही, म्हणजे तिला वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार. संध्याकाळी परात खरवडली, चानकी थापली, ओसरीवर नेऊन ठेवली. हाड म्हणाली नाही. असे बरेच दिवस गेले. कावळे नेत, मुंग्या लागत. पावसाळ्याच्या तोंडाला एक तांबडं कुत्रं आलं, तेव्हा तिने पुन्हा ओरडायला सुरुवात केली.

तर अकरावा रकाना. मी 'हो' लिहिलं आणि खोडलं. 'नाही' लिहिलं, तेही खोडलं. पुढच्या चौकोनात 'वयोमानाने गेला' लिहून पाहिलं. बहुतेकांनी तसंच लिहिलेलं असेल आणि बहुतेकांचं ते खरं असेल. बाहेर चहाची वेळ झाली होती. शेवटी मी लिहिलं, 'हो. नेला.' बाकीचे तेवीस रकाने भराभर भरले, सोफ्याच्या प्रश्नाला 'सोफा जुनाच आहे' असं लिहिलं आणि पाठवून दिला.

संध्याकाळी बायको भाजी निवडताना सहज म्हणाली, "बाल्कनीला जाळी किती फूट लागेल?" मी टेप शोधायला उठलो, तेवढ्यात मोबाइल वाजला. त्या मुलीचा मेसेज होता.

'काका, फॉर्म मिळाला, छान भरलाय. फक्त 11 नंबर. नेला म्हणजे? कुणी?'

मेसेज उघडला गेला आहे. निळ्या खुणा तिला दिसल्याच असतील.