औटघटकेचे कागद

व्हॉट्सअ‍ॅपवर लावलेले स्टेटस चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होते, हे मला ठाऊक होते, तरीही परवा दुपारी भाची फणकाऱ्याने म्हणाली, “मावशी, बघितलंच नाहीस ना? गेलं आता,” तेव्हा ‘इफेमेरल’ हा इंग्रजी शब्द त्याच्या अगदी मूळ अर्थाने समोर येऊन उभा राहिला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एक दिवस टिकणारे एवढाच आहे. एका दिवसात उतरणारा ताप आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगणारी ‘मेफ्लाय’ ही त्याची जुनी गिऱ्हाइके. ही माशी त्याआधी कित्येक महिने पाण्याखाली काढते, पण तो काळ कोणी हिशेबात धरत नाही. आपली औटघटका त्याहून कडक आहे. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटे, की आटोपला कारभार.

याच शब्दाच्या कुळातला ‘इफेमेरा’ म्हणजे वापरून फेकण्यासाठी छापलेले कागद. ते जपणाऱ्यांची संस्था मॉरिस रिकर्ड्स यांनी १९७५ साली लंडनमध्ये स्थापन केली. पंचवटीत आमच्या आजोबांनी ती त्याआधीच काढली होती, आणि तीही एका तारेवर. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मध्ये विजेची बिले, घरपट्टी, रॉकेलच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या अशा काही ओवलेल्या असत, की जुने काही काढायचे तर वरचे सगळे उतरवावे लागे. पावतीवरचा रेव्हेन्यू स्टॅम्प आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापला जातो, हे ते पाहुण्यांना स्वतः छापल्याच्या थाटात सांगत. त्र्यंबकेश्वरहून परतलो की एसटीची तिकिटे माझ्याकडून मागून घेत. कंडक्टरने पंच करून पाडलेल्या भोकातूनच ती तारेत जावीत, असा त्यांचा आग्रह असे, आणि ते भोक तारेसाठी फार मोठे आहे हे आजीचे म्हणणे त्यांनी कधीच मनावर घेतले नाही.

ती तिकिटे अजून स्वच्छ वाचता येतात. तार आता माझ्याकडे आहे आणि मीही ओवते. पण हल्ली यंत्रातून निघणाऱ्या तिकिटांवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात आणि तारेत नुसते कोरे कपटे लोंबत राहतात. झेरॉक्स काढून ठेव, असे घरचे सुचवतात. तिकिटाची झेरॉक्स काढण्याइतकी मी अजून वाया गेलेली नाही.