रजिस्टरमध्ये न आलेल्या मुली

आमच्या हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात, कॅन्सर रजिस्ट्रीचं काम माझ्याकडे आहे. केस पेपर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि घरच्यांशी झालेलं बोलणं यांवरून फॉर्म भरायचा आणि आजाराला कोड द्यायचा. मोठ्यांच्या फाइलींना हात सरावलेला असतो: तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, अन्ननलिका. लहान मुलांच्या फाइलींना मी जास्त वेळ देते, कारण तिथे हिशोबच वेगळा असतो.

साठीतल्या माणसाच्या किडनीतली गाठ आणि तीन वर्षांच्या पोराच्या किडनीतली गाठ, दोन्हींना जागेचा कोड एकच, सी ६४.९. पण पोराची गाठ बहुतेक वेळा विल्म्स ट्यूमर निघते, पेशीचा कोड ८९६०/३. तिचा विडी-तंबाखूशी काही संबंध नाही. आईच्या पोटात किडनी घडताना ज्या पेशी वेळेवर पक्व व्हायला हव्या होत्या, त्या तशाच कच्च्या राहून वाढत गेलेल्या असतात. म्हणून मुलांचे कॅन्सर अवयवापेक्षा पेशीवरून ओळखतात आणि त्यांचं जगभर वेगळं वर्गीकरण वापरतात. त्यात १२ मुख्य गट आहेत.

फॉर्म भरून भरून वयं पाठ होतात. सगळ्यांत जास्त ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, साधारण तिनातल्या एका मुलाला, आणि त्यात दोन ते पाच वर्षांची मुलं जास्त. डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा बहुतेक पाच वर्षांच्या आत. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा उंची भराभर वाढणाऱ्या आठवी-नववीतल्या पोरांना, बहुधा गुडघ्याजवळ, आणि त्यांच्या फाइलीत ‘खेळताना मार लागला’ हे ठरलेलं. ‘पहिलं लक्षण’ या रकान्यासाठी मी घरच्यांना त्यांच्याच शब्दांत सांगू देते. आंघोळ घालताना पोटात गोळा हाताला लागला. ताप उतरेना, अंगावर काळेनिळे डाग उठले. मानेला गाठी आल्या, टीबीच्या गोळ्या सुरू होत्या, तरी गाठी वाढतच गेल्या.

एकदा डोळ्याच्या ट्यूमरचा एक मुलगा आला. दोन वर्षांचा असेल. त्याची आई सांगत होती, “रात्री बल्बच्या उजेडात डोळा मांजरागत चमकायचा, ताई.” घरात आणखी कुणाला असं काही झालंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मोठीचापण असाच चमकायचा.” मोठी कुठे आहे? ती गेली. डोळा सुजून बाहेर आला होता, गावातल्या डॉक्टरांनी शहरात न्या म्हणून सांगितलं होतं. “तेव्हा नाही जमलं.” मुलाच्या वेळी जमलं होतं. त्याला घेऊन वडील, आजोबा आणि एक मामा, असे सगळे आले होते.

त्या मुलीची कुठेही नोंद नाही. ना केस पेपर, ना कोड. आमच्या लेखी त्या घरातला कॅन्सर मुलापासून सुरू होतो.

हॉस्पिटलच्या नोंदींवरून कोणाला काय होतं हे सांगताना मला म्हणूनच जपून बोलावं लागतं. या नोंदी आजारी पडलेल्यांच्या नाहीत, दारापर्यंत पोचलेल्यांच्या आहेत. आपल्याकडे मुलांच्या कॅन्सरच्या यादीत मुलगे मुलींपेक्षा फार जास्त दिसतात. त्यातला काही भाग खरोखर आजाराचाच आहे. बर्किट लिम्फोमा आणि लहान वयातला हॉजकिन हे लसिका ग्रंथींचे कॅन्सर, काही प्रकारचे ल्युकेमिया मुलग्यांना जास्त होतात. पण रेटिनोब्लास्टोमाचा जीन तेराव्या क्रोमोसोमवर असतो, त्याचा मुलगा-मुलगी असण्याशी संबंध नाही. विल्म्समध्येही दोघांचं प्रमाण जवळपास सारखं असायला हवं. एखाद्या यादीत याच दोन आजारांचे मुलगे कितीतरी जास्त दिसले, तर तो फरक शरीरातून आलेला नाही, घरातून आलेला आहे.

हे पडताळून पाहायला लोकसंख्येवर आधारलेल्या रजिस्ट्री लागतात, म्हणजे एका भागातल्या सगळ्या पेशंटची नोंद ठेवणाऱ्या. देशातली पहिली मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला, १९८७ पासून. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसं भेटतात आणि पेशंट शोधतात. आम्ही मात्र टेबलापाशी बसून वाट बघतो. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि लोकसंख्येच्या रजिस्ट्रींतल्या मुलांच्या नोंदींचा अभ्यास आला. मुलग्यांचं पारडं हॉस्पिटलांत आणखी जड होतं, आणि उत्तरेत दक्षिणेपेक्षा जास्त. तो वाचला त्या दिवशी मला सारखी ती मोठी मुलगी आठवत होती.

पैसा हे कारण आहेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर केमो मिळू लागली. याने फार मोठा फरक पडला, हे मी रोज बघते. पण ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, शहरात राहायची सोय, घरी मागे राहिलेल्या लेकरांना भाकरी कोण करून घालणार, हे कुठल्या कार्डावर बसत नाही. त्यात मुलगी असली की आणखी एक प्रश्न हळू आवाजात येतो: डोळा काढला तर पुढे लग्नाचं काय? मला राग येतो. पण विचारणारी बहुतेक वेळा आजी असते आणि तिचे डोळे पाण्याने भरलेले असतात, त्यामुळे रागावणार तरी कुणावर!

सगळ्यांत जास्त बोचतं ते हे की ल्युकेमियाच्या उपचारानंतर मुली मुलग्यांपेक्षा थोड्या जास्तच बऱ्या होतात, असं पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या ट्रायल्समध्ये दिसून आलंय. आणि माझा इथला अनुभव असा की मुलीचा उपचार एकदा सुरू झाला की आईबाप सहसा सोडून जात नाहीत. मुलगी हरवते ती गावच्या दवाखान्यापासून आमच्या दारापर्यंतच्या वाटेवर. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना माझं एकच सांगणं असतं: ‘हायर सेंटरला न्या’ असं लिहून दिलंत की मुलीच्या घरचा फोन नंबर आमच्या सोशल वर्करलाही कळवा. काही जण आता कळवतात. ज्यांची फाइल अजून बनलेलीच नाही, अशा मुलींच्या नावांची एक वही सोशल वर्कर आणि मी, आम्ही दोघींनी केलीय, आणि सकाळी फॉर्म उघडण्याआधी त्यातले फोन लावतो.