आत्याचा रंग बदललेला गुलाब

आत्याच्या वाईच्या घरामागे, आडाला लागून एक गुलाब आहे. तो मूळचा पिवळा होता असं आत्या शपथेवर सांगते. "१९७१ साली आणला तेव्हा वाटीएवढं पिवळं फूल यायचं, कडेला गुलाबी झाक. तीन-चार वर्षांत आपोआप गुलाबी झाला. माती मानवली नाही की गुलाब रंग बदलतो." घरात हे कुणी खोडून काढलं नाही. दरवर्षी त्याच झाडाच्या गुलकंदाची बरणी घरी येते, उगाच कशाला वाद?

निवृत्त झाल्यापासून मला जुने गुलाब ओळखायचा नाद लागलाय. गेल्या ऑक्टोबरात छाटणीच्या निमित्ताने गेले आणि खुरप्याने बुंध्याजवळची माती उकरली. जमिनीलगत लिंबाएवढी गाठ सापडली. गाठीच्या वरच्या अंगाला भुगा होत आलेलं काळं थोटूक, आणि सगळे हिरवे फोक गाठीच्या खालून निघालेले. म्हणजे रंगबिंग काही बदलला नव्हता. डोळा भरलेलं कलम केव्हाच मेलं होतं आणि खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर ते कलम बांधलं होतं ते, झाड होऊन बसला होता. खालचे फुटवे वेळच्या वेळी काढले नाहीत की हे असंच होतं.

पण हा खुंट कोण?

आत्या त्याला गावठी म्हणते, शेजारच्या काकू काश्मिरी. वासावरून मलाही आधी दमास्क वाटला, अत्तराचा, गुलाबपाण्याचा तो. मग एक फांदी तोडली आणि भिंग घेऊन ओट्यावर बसले. दमास्कची पानं करडट, पाठीमागून लवदार. काटे लहानमोठे, दाटीवाटीने. इथे पानं तकतकीत, पाठसुद्धा बोटाला गुळगुळीत लागणारी. काटे मोजके, पण मांजराच्या नखासारखे वाकडे. शिवाय दमास्क वर्षातून एकदा, फार तर दोनदा बहरतो. हा वर्षभर थोडाथोडा फुलत असतो. ही सगळी लक्षणं चिनी गुलाबाकडची.

कळीखालच्या पाच निदलांवर, म्हणजे कळीला झाकणाऱ्या हिरव्या पाकळ्यांवर, युरोपात एक जुनं कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी (म्हणजे कडेला झालर), दोघे सफाचट आणि पाचव्याला एकाच गालावर. मी निदलं एकेक करून फिरवून पाहिली. कोडं जुळलं, फक्त दाढ्या विरळ निघाल्या. मला तर ते पाहून हसूच आलं. वास आणि दाढ्या दमास्ककडच्या, पानं आणि काटे चिनी गुलाबाकडचे. बापाकडचं नाक, आईकडचे केस, असंच की हे!

असा एक संकर पुस्तकात दोनशे वर्षांपासून नोंदलेला आहे. मॉरिशसशेजारचं रियुनियन बेट, तेव्हाचं नाव बूर्बों. तिथे शेतांना गुलाबाचं कुंपण घालत, एक रांग चिनी 'ओल्ड ब्लश'ची, एक दोनदा फुलणाऱ्या दमास्कची. १८१७ मध्ये तिथे आलेल्या ब्रेआँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला एदुआर पेरिशों यांच्या जमिनीत या दोघांच्या मधलं झाड दिसलं. त्याने पाठवलेलं बी पॅरिसजवळ झाक नावाच्या माळ्याने रुजवलं आणि त्यातून बूर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. मूळ झाड 'रोझ एदुआर'. आपल्याकडच्या नर्सरीत त्याचं झालं 'एडवर्ड'. तो इथे मुख्यतः खुंट म्हणून, हाराच्या फुलांसाठी आणि गुलकंदासाठी लावला जातो. आत्याचा गुलाब हाच, यावर मी पैज लावायला तयार आहे.

दमास्कची कुळकथा तर आणखी लांब जाते. २००० साली जपानी संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की त्याचे पूर्वज गुलाबाच्या तीन जाती: गॅलिका, मोस्काटा आणि मध्य आशियातला फेडशेंकोआना. हा तिसरा तोवर कुणाच्या यादीतच नव्हता.

आत्याच्या वर्णनावरून मेलेलं कलम 'पीस'चं असावं. फ्रान्समध्ये मेयाँ या गुलाब-पैदासकाराने घडवलेल्या या पिवळ्या गुलाबाला १९४५ साली अमेरिकेत हे नाव मिळालं. तो हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांच्या आधुनिक गुलाबांच्या घराण्यातला. या घराण्याचा पहिला गुलाब म्हणून १८६७ चा 'ला फ्रान्स' सांगतात आणि हायब्रिड टीच्या आजा-पणज्यांमध्ये बूर्बों आहेतच. म्हणजे आमच्या आडाशेजारी खापरपणजीच्या खांद्यावर खापरपणतू चढवला होता, आणि टिकली ती म्हातारी.

हे सगळं मी आत्याला चहाच्या वेळी सांगितलं. ती पाकळ्या निवडत होती. नाव ऐकून म्हणाली, "एडवर्ड? म्हणजे पन्नास वर्षं साहेबाचा गुलकंद खाल्ला म्हणायचा." साहेब नाही गं, फ्रेंच, असं मी सांगू लागले तोवर तिने बरणीत साखरेचा थर ओतलासुद्धा. "आणि रंग बदललाच होता. मी पाहिलाय."

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या घेऊन आले होते. चार जगल्यात. प्रत्येकीला पाटी लावलीय: 'एडवर्ड, वाई'. आत्याला पाहायला आणेन तेव्हा बहुतेक एक पाटी बदलावी लागेल.